सतरा ठिकाणी फंकी

पंधरा दिवसांत अख्खा कॅटलॉग फ्रेंचमध्ये करून देईन आणि त्यात एकही शब्द उसना आणणार नाही, असं बाईंनी मालकांना ठणकावून सांगितलं होतं. बत्तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवून बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. अशी वाक्यं बोलायची त्यांना सवय होती, आणि ती खरी करून दाखवायचीही. तसा बाईंचा राग गावाच्या ओळखीचा होता. सकाळी तो पेपरातल्या व्याकरणावर निघे, दुपारी दार आपटणाऱ्या शेजाऱ्यांवर, आणि संध्याकाळी काहीच सापडलं नाही तर नवऱ्यावर. नवरा घरीच घड्याळं दुरुस्त करी. डोळ्याला भिंग लावलं की त्याला ऐकू यायचंही बंद होई, म्हणून संसार टिकला होता.

मालकांचा बुटांचा कारखाना होता. चाळीस माणसं, वरच्या मजल्यावर शिलाई, खाली पॅकिंग. वर्षभरापूर्वी मागणी घटली तेव्हा शिलाईची एक अख्खी रांग बंद पडली. बारा यंत्रांवर कापड टाकून ठेवलं होतं आणि त्यावर बसणाऱ्या बारा बायका घरी बसल्या होत्या. आता एका मोठ्या फ्रेंच दुकानदार कंपनीनं कॅटलॉग मागवला होता. तो त्यांच्या भाषेत गेला तर छाप पडेल, असं मालकांच्या मनानं घेतलं आणि ते बाईंकडे आले. मालक एकेकाळी बाईंच्याच वर्गात होते. अजूनही त्यांच्यासमोर बसताना ते खुर्चीच्या काठावरच बसत.

मूळ इंग्रजी मजकूर मालकांच्या मुलीनं लिहिला होता. बुटांची डिझाइन तीच करायची आणि हुशार होती, पण तिचा एका शब्दावर फार जीव. तो शब्द होता ‘फंकी’. पहिल्या पानावर फंकी, पाचव्यावर फंकी, मधल्या पानांवर तर एकेका वाक्यात दोन-दोनदा. बाईंनी मोजले. सतरा निघाले.

बाईंचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते इस्त्रीचं इंग्रजी होतं. फंकी त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला. त्यात पहिलाच अर्थ निघाला, ‘घाण वास येणारा’. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांनी मालकांच्या मुलीला फोन लावून, तुला नक्की काय म्हणायचंय, असं विचारलं. ती म्हणाली, फंकी म्हणजे, बाई, फंकी हो.

“अशा उत्तराला मी वर्गात शून्य देत असे,” बाई म्हणाल्या. “पान एक काढ.”

पुढचा दीड तास बाईंनी तिची तोंडी परीक्षा घेतली. पहिल्या पानावर पायांना लावायची पावडर होती, तिथे फंकी पाय म्हणजे वास मारणारे पाय. इथे शब्दकोश बरोबर होता. पाचव्या पानावरची फंकी टाच मात्र हटके होती. आठव्यावरचे नाचाचे बूट फंकी होते, कारण ते घातले की पाय ठेका धरतात. अकराव्या पानावर ‘आमची चेन कधीही फंकी होत नाही’ असं होतं, म्हणजे अडकत-बिघडत नाही. चौदाव्यावर भडक पण झकास रंग, त्याच्या पुढे जुन्या धाटणीचं पण नव्याने आवडू लागलेलं बक्कल. प्रत्येक अर्थाबरोबर बाईंचा आवाज एकेक पट्टी वर चढत होता. तुझ्या या शब्दाला घरदार आहे की नाही, की जिथे जेवायला मिळेल तिथे राहतो, असं त्यांनी शेवटी विचारलं. मुलगी हसली. बाई हसल्या नव्हत्या, हे तिला फोन आपटल्याच्या आवाजावरून कळलं.

मग बाई इरेला पेटल्या. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्यानं एकदा जेवताना सहज विचारलं, की अगं, सगळीकडे एखादा छानसा शब्द टाकला तर नाही का चालणार? तो दिवस त्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिला. बाईंनी सतरा जागांसाठी अकरा निरनिराळे फ्रेंच शब्द शोधले. प्रत्येक शब्द जागेवर घासूनपुसून बसवला, त्याचं लिंग पाहिलं, वचन पाहिलं. फ्रेंचमध्ये बूट स्त्रीलिंगी आणि पाय पुल्लिंगी, त्यामुळे विशेषणांची शेपटं बदलावी लागतात. नवव्या पानावर तरुण मुलींच्या बुटांसाठी त्यांना असा एक शब्द सुचला, की त्या रात्री त्यांनी नवऱ्याशी चक्क गोड बोलून त्याला घाबरवलं.

चौदाव्या दिवशी त्यांनी काम मालकांच्या हवाली केलं. सोबत आपल्या अक्षरात एक यादी जोडली. पान कुठलं, इंग्रजी शब्द कुठला, त्याला फ्रेंच शब्द कुठला. आपण किती राबलो ते दिसावं, एवढाच हेतू.

महिन्याभरानं मालक स्वतः बाईंच्या घरी आले. एका हातात छापील कॅटलॉग, दुसऱ्या हातात फ्रेंच कंपनीचं पत्र. पत्र तीन पानी होतं. नकार काय, दोन ओळींत देता येतो. तीन पानं म्हणजे ऑर्डरच असणार, असा मालकांचा हिशेब. ते नेहमीसारखे खुर्चीच्या काठावर बसले आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग त्या पुन्हा वरपासून वाचू लागल्या.

“काय म्हणतायत?” मालकांनी विचारलं.

“म्हणतायत, आम्ही तुमच्या प्रामाणिकपणानं भारावून गेलो आहोत.”

मालक खूश झाले. “वा. पुढे?”

“तीस वर्षं या धंद्यात आहोत, पण आपल्या बुटांना घाण वास येतो असं पंधरा ठिकाणी लेखी देणारा कारखानदार आम्हाला आजवर भेटला नव्हता.”

मालकांच्या चेहऱ्यावरची खुशी लगेच गेली नाही. ती तिथेच थोडा वेळ अडकून राहिली. बाई पुढे वाचत होत्या. हा वास चामड्याचा आहे की चिकटवायच्या द्रव्याचा, असं कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंनी विचारलं होतं. पान नऊवरचा वास तरुण मुलींच्या खास पसंतीचा आहे असं आपण म्हणता, ती पाहणी कुठे केली, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. इतर काही कारखाने पाहायला त्या या बाजूला येतच होत्या, तेव्हा गुरुवारी हा प्रकार स्वतःच्या नाकानं तपासायला येत आहेत, असं शेवटी लिहिलं होतं.

बाईंनी मालकांच्या हातातून कॅटलॉग ओढून घेतला. पान पाच, वास मारणारी टाच. पान आठ, वास मारत मारत नाचा. पान अकरा, आमच्या चेनला कधीही वास येत नाही. एवढीच काय ती दिलाशाची गोष्ट. पान चौदा, वास मारणारे रंग, वास मारणाऱ्या पिढीसाठी. पायांच्या पावडरीसाठी निवडलेला ‘मालोदोरां’ हा शब्द सगळीकडे नेऊन चिकटवला होता. आणि शेवटच्या पानावर, ठळक अक्षरांत, भाषांतरकार म्हणून बाईंचं संपूर्ण नाव.

बाईंचे कान लाल झाले. त्यांच्या तोंडून जो शब्द फुटला तो मालकांना नीट कळला नाही.

“पुल्लिंगी,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“बूट स्त्रीलिंगी असतात. निदान ‘मालोदोरांत’ तरी करायचं होतं. माझ्या नावावर घाण केली ती केली, तीही पुल्लिंगी. बत्तीस वर्षं मी पोरांना हे एकच शिकवलं. तुलासुद्धा शिकवलं होतं. कुणी हात लावला माझ्या कागदांना?”

मालकांनी चाचरत सांगितलं, की छापायला देण्याआधी आपल्या तपासनीसांनी जरा नजर फिरवली होती.

बाईंनी चपला घातल्या. मालकांची गाडी दारात होती, पण तिच्यात बसायला त्या तयार नव्हत्या. त्या चालत निघाल्या आणि मालक गाडी सावकाश चालवत त्यांच्या मागून आले. रस्त्यात दोनचार ओळखीच्यांनी नमस्कार केला, त्यांतल्या एकालाही उत्तर मिळालं नाही.

तपासनीस वरच्या मजल्यावर खिडकीशी आपल्या टेबलाशी बसले होते. बारीक, वाकलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे गृहस्थ. सव्वीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. डावा बूट उचलायचा, उजवा उचलायचा, दोन्ही दिव्याखाली शेजारी धरायचे, रंग, टाका, टाचेची उंची ताडून पाहायची, आणि जुळले तरच जोड पुढे सोडायचा. शंका आली तर कपाटातला मंजूर झालेला पहिला नमुना काढून त्याच्याशी मिळवायचा. त्यांच्या हातून सव्वीस वर्षांत एकही विजोड जोड बाहेर गेला नव्हता.

बाईंनी मालकांकडून आपल्या यादीचा कागद मागून घेतला, तो त्यांच्यासमोर टेबलावर थापला आणि याला तुम्ही हात लावलात का, असं विचारलं. तपासनीसांनी हातातला बूट सावकाश खाली ठेवला.

“हो बाई. डावीकडे सतराही ठिकाणी एकच शब्द, आणि उजवीकडे अकरा प्रकार. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग मी पहिला नमुना म्हणून धरला आणि बाकीचे त्याच्यासारखे करून टाकले.”

“तुम्हाला फ्रेंच येतं?”

“नाही. पण जुळत नाहीये एवढं दिसतं ना.”

शब्द म्हणजे बूट नव्हेत, असं बाई म्हणाल्या. त्यांनी आणखीही पुष्कळ सांगितलं. एकच माणूस घरी बाप असतो, कचेरीत कारकून असतो आणि सासुरवाडीला जावई असतो. तुम्ही त्याला तिन्ही ठिकाणी जावई म्हणून बसवलंत. तपासनीस मान खाली घालून ऐकत होते. मग, आपलं म्हणणं समोर आलं तर बाईंचा राग उतरेल, अशा भाबड्या समजुतीनं ते हळूच म्हणाले:

“मी कुणाजवळ बोललोसुद्धा नाही, बाई. मालकांनाही नाही. म्हटलं, वय झालंय, पंधरा दिवस दमल्या असतील, झाला असेल घोटाळा. उगाच तुमचं नाव खराब व्हायला नको.”

यावर बाईंनी जे केलं ते त्यांनी शाळेतही कधी केलं नव्हतं. टेबलावरचा बूट उचलून त्यांनी दाणकन खाली आपटला. त्याची टाच निघाली. सगळी यंत्रं थांबली. माझं नाव वाचवलंत तुम्ही, असं बाई ओरडल्या, आज माझं नाव फ्रान्सभर वास मारतंय. आता गुरुवारी तुमच्या पाहुणीला तुम्हीच समजावा, डावा-उजवा दाखवून. माझं नाव कॅटलॉगवरून आजच्या आज काढा, मी या कारखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही.

तपासनीस खाली वाकले. त्यांनी निघालेली टाच उचलली, बूट उचलला, आणि त्याचा जोडीदार शोधून दोन्ही बाजूला ठेवले.

बाई जिन्याकडे वळल्या. वाटेत ती कापड टाकलेली यंत्रांची रांग होती. पलीकडच्या रांगेतल्या एका बाईनं हात पुसत विचारलं, “बाई, मग पाहुणे परत जाणार का? माझी जाऊ होती या चौथ्या यंत्रावर. ती रोज विचारते.”

बाईंनी तिच्याकडे रागानं पाहिलं. एवढा राग कुणावर काढावा हे त्यांना कळेना. त्या मालकांना म्हणाल्या, “गुरुवारी किती वाजता?”

गुरुवारी बाई पोचल्या तेव्हा मालकांच्या खोलीत शिरवत नव्हतं. वास येतो असं कुणी म्हणू नये म्हणून मालकांनी सकाळपासून अत्तराच्या दोन बाटल्या पडद्यांवर रिकाम्या केल्या होत्या. आता तर खात्रीच पटेल त्यांची, असं म्हणत बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पडदे काढून मालकांच्या हातात दिले, आणि पडदे हातात असतानाच मालकांना पाहुणीचं स्वागत करावं लागलं.

खरेदीप्रमुख मॅडम साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. आत येताच त्या तीनदा शिंकल्या. मग कुणालाही काही न बोलता त्यांनी मांडलेल्या बुटांपैकी एक उचलला आणि नाकाशी नेला. मालक, त्यांची मुलगी आणि नमुने घेऊन उभे असलेले तपासनीस श्वास रोखून पाहत होते. मॅडमनी एकामागून एक सात बूट हुंगले. मग त्या, जराशा हिरमुसल्यासारख्याच, म्हणाल्या की यांना तर चामड्याचा वास येतोय.

बाईंनी बोलायला सुरुवात केली. अस्सल फ्रेंच माणसाशी समोरासमोर बोलायची आयुष्यात ही त्यांची पहिलीच वेळ होती. फ्रान्स त्यांनी पाहिला नव्हता. जे फ्रेंच होतं ते पुस्तकांतलं आणि ध्वनिफितींतलं. पण राग इतका होता की भीतीला जागाच नव्हती. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, यादी पुढे केली आणि सतरा जागा एकेक करून समजावल्या. मॅडमनी चष्मा लावून यादी वाचली. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी मान हलवून म्हटलं, की मेहनत अफाट आहे, पण बाई, याला आम्ही फंकीच म्हणतो.

“काय म्हणता?” बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या.

“फंकी. फ्रेंचमध्ये. आमची सगळी दुकानं तेच लिहितात.”

आपल्या पायाखालची पायरी कुणीतरी काढून घेतली असं बाईंना वाटलं. अकरा शब्द, पंधरा दिवस, नवऱ्यावर काढलेला राग, तुटलेली टाच, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग इतके दिवस साचलेला राग एका फ्रेंच बाईवर, तिच्याच भाषेत, कोसळला. तुमच्या एवढ्या भरल्या भाषेत एक विशेषण मिळू नये? घरात अकरा ताटं असताना शेजाऱ्याची वाटी आणून जेवता? तुम्ही लोकांनीच अशी वागणूक ठेवली, तर आम्ही इतक्या लांब बसून पोरांना काय शिकवायचं?

मालकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. फंकी हा एकच शब्द चेंडूसारखा इकडून तिकडे जाताना दिसत होता, आणि बाईंचं बोट पाहुणीच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी कपाळाचा घाम हातातल्या पडद्यानंच पुसला. ऑर्डर गेली, असं त्यांनी मुलीला खुणेनं सांगितलं.

पण मॅडमही काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पान पाचचा शब्द ठीक आहे, म्हणाल्या, पण आठवरचा फार जड आहे, त्यावर नाचणार कोण? बाईंनी त्याचं समर्थन केलं. चौदावर दोघींचं जुंपलं. चहा आला, निवला, परत गेला. मग मॅडम नवव्या पानावर आल्या, बाईंच्या लाडक्या शब्दावर, आणि तिथे त्या थांबल्या. त्यांनी तो हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिला.

“हा माझी आजी वापरायची,” त्या म्हणाल्या. “ती गेल्यावर मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आजच्या मुलींना तो कळणारही नाही.”

बाईंनी नाचवत असलेलं बोट खाली घेतलं. आपलं फ्रेंच जुनं झालं आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण होतं? त्या एवढंच म्हणाल्या, की तुमच्या आजी बरोबर बोलत असत.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “आणि मरेपर्यंत माझ्या चुका काढायची. अगदी अशीच, बोट नाचवून.”

पाहुणी गाडीत बसल्यावर मालकांनी बाईंना भीतभीत विचारलं, की शेवटी त्या काय म्हणाल्या. बाईंनी सांगितलं, ऑर्डर देते म्हणाल्या. पहिली खेप लहान आहे, पण तुझी बंद रांग उघडावी लागेल. मालकांनी खाली वाकून बाईंच्या पायांना हात लावला, तेव्हा कुठे त्यांच्या हातातले पडदे खाली पडले.

कॅटलॉग नव्यानं छापायचा ठरला. मॅडमच्या सांगण्यावरून सोळा ठिकाणी फंकी जसाच्या तसा ठेवला, आणि बाईंच्या हट्टाखातर पावडरीच्या पानावरचा मालोदोरां तेवढा राहिला. छापण्याआधी मालकांनी तो मुकाट्यानं बाईंकडेच तपासायला पाठवला. तो घेऊन आले तपासनीस. त्यांनी बाईंना नमस्कार केला, सोळाही जागांवरून बोट फिरवलं, आणि आता कसं छान जुळलंय, असं समाधानानं म्हणाले. सतराव्या जागी त्यांचं बोट अडखळलं. बाईंकडे पाहून त्यांनी ते मुकाट्यानं उचललं.

ते गेल्यावर नवऱ्यानं भिंग काढून कॅटलॉग हातात घेतला. सावकाश सगळी पानं उलटली, शेवटच्या पानावर बायकोचं ठळक अक्षरांतलं नाव वाचलं, पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं.

“अगं, हा शब्द तर होता तसाच आहे,” तो म्हणाला. “मग तू यात केलंस काय?”

दुसऱ्या शब्दाऐवजी तोच शब्द ठेवणं हासुद्धा एक निर्णय असतो, त्यामागे अभ्यास लागतो, असं बाई म्हणाल्या. बोलता बोलता आपल्यालाच हसू येतंय असं त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्या उठून आत गेल्या आणि दार आपटून घेतलं.